आमच्या गावात एसटी परत कशी आली

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव आहे. हमरस्त्याच्या फाट्यापासून आत साडेचार किलोमीटर, तालुक्याच्या ठिकाणापासून तेवीस आणि सोलापुरापासून दीड तासाच्या अंतरावर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या अकराशेच्या थोडी वर होती. त्यातली निम्मी माणसं गावठाणात आणि निम्मी रानातल्या वस्त्यांवर राहतात. गावात सातवीपर्यंत शाळा आहे. पुढचं शिक्षण, बाजार, बँक, दवाखाना, रेशनच्या अंगठ्याची तक्रार, सगळ्याला तालुका गाठावा लागतो.

पूर्वी गावात मुक्कामी गाडी असायची. रात्री साडेआठला यायची आणि सकाळी सव्वासहाला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या सभामंडपात झोपायचे, त्यांच्या भाकरीची पाळी घरोघर ठरलेली असायची. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि गाडी थांबली. नंतर २०२१ च्या ऑक्टोबरअखेर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. संप मिटला, मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या सुरू झाल्या, आमची मात्र आली नाही. फाट्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, धरायचं, हीच मग रीत पडली. माणशी चाळीस रुपये, आणि वडाप भरल्याशिवाय हलत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये माझ्या पुतणीला तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला. तिच्यासोबत दहावी झालेल्या दोन मुलींना घरच्यांनी पुढं पाठवलंच नाही. "सकाळच्या अंधारात फाट्यापर्यंत कोण सोडणार?" एवढंच कारण. दोघीही हुशार होत्या. तेव्हाच मी ठरवलं की गाडीचं काय होतंय ते बघायचंच. मी गावातल्या महिला बचत गटाची सचिव आहे. कागद लिहायची सवय होती, पण एसटीच्या आगारात तिकिटापलीकडं कधी काही विचारलं नव्हतं.

जुलैत आगारात गेले. चौकशी खिडकीवरच्या वाहतूक नियंत्रकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "ताई, तोंडी काही होत नाही. ग्रामसभेचा ठराव आणा, अर्ज आणा, वर आगार व्यवस्थापकांच्या नावानं द्या." आवक-जावक विभाग कुठं आहे हेही त्यांनीच दाखवलं. अर्जाच्या दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्या. पुढच्या प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न "आवक नंबर काय?" हाच असतो.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर लागतात. एरवी ती भरणं अवघड असतं. त्या दिवशी बचत गटाच्या बाया झेंडावंदनाहून परस्पर तिथंच बसल्या. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ठरावाचा मसुदा वाचला, "गावास एसटी बस सुरू करावी." मी म्हटलं, एवढ्यावर भागणार नाही. कुठून कुठं, किती वाजता, कोणत्या दिवशी, कशासाठी, हे सगळं त्यात यायला हवं. सरपंचांनीही ते उचलून धरलं. सूचक, अनुमोदक, ठराव क्रमांक आणि ग्रामपंचायतीचा गोल शिक्का असलेली खरी प्रत हातात यायला तीन आठवडे लागले.

ठरावात लोकसंख्या लिहायची होती आणि तिथंच पहिला गुंता निघाला. आमची गट ग्रामपंचायत आहे. दप्तरातला आकडा दोन गावांचा मिळून होता. एकट्या आमच्या गावाचा आकडा हवा म्हणून मी जनगणनेची सोलापूर जिल्ह्याची पुस्तिका शोधली. जनगणनेच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळते. तिच्यात प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी संकेतांक असतो. लोकसंख्या, कुटुंबं, सहा वर्षांखालची मुलं, शाळा, दवाखाना, पोस्ट, पक्का रस्ता आणि बस अशी एकेका गावाची ओळ असते. सोय गावात नसेल तर तिच्या जागी अक्षर येतं. पाच किलोमीटरच्या आत असेल तर ए, पाच ते दहामध्ये बी आणि त्यापुढं सी. आमच्या ओळीत बस 'उपलब्ध' होती, कारण २०११ साली ती खरोखरच होती. त्यानंतर जनगणना झालेलीच नाही. २०२१ ची कोविडमुळं राहिली. म्हणजे ज्या कागदावरून गावाची सोय-गैरसोय बघतात, त्या कागदावर आमच्या गावात अजून गाडी उभी होती. मी त्या पानाची प्रत काढून अर्जाला जोडली आणि खाली लिहिलं की ही सेवा मार्च २०२० पासून बंद आहे.

लोकसंख्येवरून आमचा रस्ताही आठवला. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. सपाट भागात किमान पाचशे लोकवस्ती असलेल्या, पक्का रस्ता नसलेल्या ठिकाणांना जोडायचं, असा तिचा निकष. गावठाण पाचशेच्या वर म्हणून फाट्यापासून शाळेपर्यंत डांबर आलं. पलीकडच्या वस्त्या दीडशे-दोनशेच्या, त्यांच्या वाट्याला अजून मातीचाच रस्ता आहे. माणूस तोच, पण घर कुठं आहे यावरून त्याला डांबर मिळणार की चिखल ते ठरतं. हे मला बरोबर वाटत नाही, आणि जिथं बोलायची वेळ येते तिथं मी हे बोलते.

सप्टेंबरात अर्ज दिला. ऑक्टोबरात उत्तर आलं: गाड्यांची संख्या अपुरी, पूर्वीच्या फेरीचं भारमान कमी, रस्त्याची स्थिती असमाधानकारक. भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती जागा भरून धावल्या त्याची टक्केवारी. एसटीत सगळी गणितं तिच्यावर चालतात. ते पत्र वाचून दोन दिवस कशातच लक्ष लागलं नाही. पण नंतर वाटलं, कमी म्हणजे किती कमी, ते तरी बघू.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. साध्या कागदावर, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. प्रश्न नेमका विचारला: गाडी बंद होण्याआधीच्या वर्षात आमच्या मुक्कामी फेरीचं जातानाचं आणि येतानाचं भारमान महिन्यागणिक वेगवेगळं द्या. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते, ते मुदतीच्या आत आलं. दोन पानांचा तक्ता होता. रात्रीची येणारी फेरी जवळजवळ रिकामी आणि सकाळची जाणारी भरलेली. दोन्हींची सरासरी काढली की फेरी तोट्यात दिसत होती. त्या तक्त्यानं आमची मागणीच बदलून गेली. मुक्कामी गाडीचा हट्ट आम्ही सोडला आणि सकाळी जाणारी व दुपारी येणारी गाडी मागायचं ठरवलं.

डिसेंबरात आम्ही मोजणी केली. अकराशे लोकसंख्येतले रोज प्रवास करणारे किती, हे कुठल्याच दप्तरात नसतं. बचत गटाच्या बाया पाळीपाळीनं सकाळी साडेसहापासून पारावर आणि फाट्यावर वही घेऊन बसल्या. नाव, कुठं जाणार, कशासाठी, कशानं जाणार आणि परत कधी येणार, एवढे रकाने. विद्यार्थी, महिला, पासष्टच्या पुढचे आणि पंच्याहत्तरच्या पुढचे यांच्यासाठी वेगळ्या खुणा. त्याला कारण होतं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तरमधल्यांना निम्म्यात आहे आणि या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला देतं. पूर्वी "बायका कशाला जातात तालुक्याला?" म्हणणारं गाव आता निम्म्या तिकिटात जाणार होतं. ते वहीत दिसायला हवं होतं.

थंडी कडाक्याची होती. एका वस्तीवरच्या आजींना विचारलं, "कुठं निघालाय?" त्या म्हणाल्या, "डोळं दावायला जायचंय गं, पण नातवाच्या फटफटीवर बसवत न्हाई. गाडी आली म्हंजी जाईन." मोजणी करणाऱ्या सूनबाईनं विचारलं, "हे कुठल्या रकान्यात लिहू?" आम्ही शेवटी एक रकाना वाढवला: गाडी नाही म्हणून न जाणारे. त्यात बारा-पंधरा नावं आली. दहावीनंतर घरी बसलेल्या त्या दोन मुलींचीही त्यातच.

वही घेऊन जानेवारीच्या सुरुवातीला आगार व्यवस्थापकांना भेटलो. त्यांनी पानं उलटून नीट पाहिली. मग जे सांगितलं ते प्रत्येक गावानं ऐकावं असं आहे. नवीन फेरी म्हणजे एक गाडी, एक चालक, एक वाहक आणि आगारातून रिकामी येणारी किलोमीटर. ते बसवणं अवघड. पण फाट्यावरून आधीच जाणारी एखादी फेरी आत वळवायची असेल तर जाऊन-येऊन नऊ किलोमीटरच वाढतात. "तुमच्या फाट्यावरून पुढच्या गावाची सकाळची गाडी जाते. त्या गावाची हरकत नसेल तर मी प्रस्ताव करतो," असं ते म्हणाले.

हरकत होतीच. पुढच्या गावात आम्ही चौघं गेलो. तिथल्या चावडीत एक आण्णा थेट म्हणाले, "आमची गाडी तुमच्याकडं वळवली तर आमच्या पोरांचं कॉलेज बुडंल, त्याचं काय?" त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. त्यांनी ती गाडी टिकवायला किती खेटे घातले होते ते त्यांनी आम्हाला ऐकवलं. आम्ही वेळेचा हिशोब मांडला: त्यांच्या गावातून गाडी वीस मिनिटं आधी निघाली तर कॉलेजची वेळ साधते. त्यावर "म्हणजे आमच्या बायकांनी वीस मिनिटं आधी चूल पेटवायची," असं एक वहिनी म्हणाल्या, आणि सगळे गप्प झाले. दोन बैठका झाल्या. शेवटी त्यांची एक जुनी मागणी होती की दुपारची गाडी त्यांच्या माळावरच्या वस्तीजवळ थांबावी. ती आम्ही दोन्ही गावांच्या अर्जात एकत्र घातली. २६ जानेवारीच्या त्यांच्या ग्रामसभेत ना-हरकत ठराव झाला. या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात मोठी वाटते ती हीच गोष्ट. त्या वहिनी आता रोज गाडीत भेटतात.

आमच्या वडापवाल्याचंही सांगायला हवं. तो गावातलाच, नात्यानं माझा पुतण्या लागतो. त्याच्या गाडीवर कर्ज आहे. एसटी येणार म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं. त्याच्याशी आधीच बोललो. सकाळची वेळ एसटीची, दहानंतरची आणि बाजारच्या दिवशीची त्याची, असं ठरलं. त्यानं ते पाळलंय आणि गावानंही पाळलंय.

फेब्रुवारीत रस्त्याच्या पाहणीला वाहतूक निरीक्षक आणि एक जुने चालक आले. निरीक्षकांनी फाट्यावर मीटरचा आकडा टिपून घेतला आणि शाळेपाशी पुन्हा टिपला. सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून भाडं ठरतं, म्हणून अंतर काटेकोर लागतं. चालक मात्र अंतराकडं बघतच नव्हते. ओढ्यावरच्या फरशी पुलावर ते खाली उतरले, कडेला बसून सिमेंटच्या खालची माती बोटानं उकरून पाहिली, मग पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजली. परत येऊन मला म्हणाले, "ताई, पूल धरंल. पण समोरनं उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या तर मी गाडी कुठं घालू?" कारखान्यांचा हंगाम तेव्हा भरात होता आणि त्यांचं म्हणणं आमच्या डोळ्यांसमोरच होतं. साइडपट्ट्या खचलेल्या, दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ आत घुसलेली. गावात गाडी वळवायला जागा नाही, कारण पारासमोर कडब्याची गंज आणि उकिरडा. तीन ठिकाणी विजेच्या तारा खाली आलेल्या.

ते सगळं एका कागदावर लिहून घेतलं आणि कामाला लागलो. तारांसाठी वीज कंपनीच्या शाखेत अर्ज दिला, महिनाभरात त्या ओढून दिल्या. रस्ता ग्रामीण मार्ग आहे, म्हणजे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या अखत्यारीत. तुमचा रस्ता ग्रामीण मार्ग आहे, इतर जिल्हा मार्ग आहे की प्रमुख जिल्हा मार्ग, आणि त्याचा क्रमांक काय, हे आधी काढा. पहिले दोन जिल्हा परिषदेकडं असतात, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडं. भलत्या कार्यालयात दिलेला अर्ज नुसता फिरत राहतो. उपअभियंत्यांकडून रस्ता बस वाहतुकीला योग्य असल्याचं पत्र हवं होतं आणि ते साइडपट्ट्या भरल्यावरच मिळणार होतं. ग्रामपंचायतीचा निधी वापरायचा तर काम आराखड्यात आधी असावं लागतं, ते नव्हतं. म्हणून वर्गणी काढली. जेसीबी तासाला बाराशे रुपये, मुरूम एका शेतकऱ्यानं आपल्या रानातल्या विहिरीच्या उपशातून दिला. बाभूळ गावानं श्रमदानानं काढली. सगळं मिळून वीस-बावीस हजारांत झालं. माझा स्वतःचा खर्च झेरॉक्स, स्टॅम्प आणि वडाप मिळून दोन हजारांच्या आत. उकिरडा हलवायला मात्र पैशांपेक्षा मनधरणी जास्त लागली.

पत्र मिळालं ते मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. नवीन फेरीचा विषय आता निवडणूक झाल्यावर, असं सांगण्यात आलं. सोलापूर आणि माढा दोन्ही मतदारसंघांत ७ मे रोजी मतदान होतं आणि निकाल ४ जूनला. हे तीन महिने मला फार जड गेले. पुतणीचं अकरावीचं वर्ष संपलं होतं, उन्हातान्हात तिनं फाटा तुडवला होता. लोक विचारायचे, "काय झालं तुमच्या गाडीचं?" त्या दिवसांत मी फक्त एकच काम केलं. तालुक्याला गेले की आगारात डोकावून फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायचं आणि वहीत लिहायचं. तुमच्या भागात निवडणूक जवळ असेल तर त्याआधी निदान पाहणी तरी उरकून घ्या.

निकालानंतर आठवडाभरात फोन आला. शाळा १५ जूनला सुरू होतात, त्याच सुमारास आगाराचं वेळापत्रक बदलतं, त्यात आमची फेरी बसवली होती. प्रायोगिक तत्त्वावर, भारमान बघून पुढं ठरणार. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी पावणेसातला गाडी पारासमोर आली. नारळ सरपंचांनी फोडला आणि पहिलं तिकीट आमच्या नव्वदीच्या आजोबांनी घेतलं, शून्य रुपयांचं. पुतणी पुढच्या सीटवर खिडकीशी बसली होती. मी खालीच उभी राहिले, कारण गर्दीत जागा नव्हती.

खरी कसोटी त्यानंतर होती. पासाचं काम पहिल्या आठवड्यातच उरकलं. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो, बाकीच्या विद्यार्थ्यांना एक तृतीयांश भाड्यात. शाळेचा दाखला, आधार आणि फोटो तयार ठेवा. आणि पास असला तरी रोज गाडीनंच जा, कुणी मोटारसायकलवर "चल सोडतो" म्हटलं तरी, असं आम्ही मुलांना बजावून सांगितलं. जुलैत आषाढीला गाड्या पंढरपूरकडं वळवल्या आणि आमची फेरी काही दिवस बंद राहिली. लोक घाबरले की गाडी पुन्हा गेली. जिल्ह्यात राहणाऱ्यांनी हे धरूनच चालावं, आणि त्या दिवसांची तजवीज शाळेशी आधी बोलून करावी. एकादशी १७ तारखेला झाली, त्यानंतर फेरी पूर्ववत सुरू झाली. पुढं सप्टेंबरात फेरी कायम झाल्याचं पत्र आलं. घरी बसलेल्या दोघींपैकी एकीनं त्या वर्षी अकरावीला प्रवेश घेतला. दुसरीचं लग्न झालं होतं.

आता दुपारची फेरी रविवारी नसते आणि संध्याकाळी हायस्कूल सुटल्यावर येणाऱ्या मुलांना अजून वडापच आहे. त्यासाठी नवीन मोजणी झाली आहे, अर्जावर आवक शिक्का पडला आहे. २०२५ च्या सप्टेंबरातल्या पावसात फरशी पुलावरून पाणी गेलं आणि गाडी फाट्यावरूनच परत फिरली. पूल उंच करण्याची मागणी जिल्हा परिषदेकडं आहे. वस्त्यांवर आम्ही एक गोष्ट घरोघर सांगतोय: २०२७ च्या जनगणनेला प्रगणक येतील तेव्हा रानातलं एकही घर, एकही माणूस सुटू देऊ नका. आमच्या लगतच्या दोन वस्त्या मिळून पाचशेचा आकडा जवळ येतोय, आणि पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरता येतात असं ग्रामसडक योजनेच्या नियमात आहे. त्यांच्यामधली पायवाट मोजायला परवा टेप घेऊन जायचंय.